परड्यातला रानकोपरा : कोल्हापुरातील एका घरबागेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला, कळंबा तलावाच्या बाजूच्या चढावर वसलेल्या एका कॉलनीतील घराचे आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांचे नाव, कॉलनीचे नाव आणि ओळख पटेल असे बारकावे येथे दिलेले नाहीत. घरात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, शाळेत शिकवणारी सून आणि त्या वेळी सात वर्षांची असलेली नात अशी चार माणसे राहतात. सूनबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून या कामात सल्लागार होते आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी एक मोठी चूक माझ्या सल्ल्यातून झाली.

प्लॉट ३ गुंठ्यांचा असून घराच्या मागे सुमारे ४० फूट लांब आणि १५ फूट रुंद असे परडे आहे. जमीन मुरमाड आहे. हात-दीड हात खणले की खाली पहार खणखणते, आणि पावसाळ्यात पाणी उभे राहत नसले तरी मे महिन्यात त्या जमिनीत ओलावा म्हणून राहत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात त्या परड्यात एक जुना कडीपत्ता, एक लिंबू, जास्वंद, तगर आणि एक वठत चाललेला शेवगा एवढीच लावलेली झाडे होती. बाकीच्या जागेत पावसाळ्यात तेरडा, आघाडा, टाकळा आणि दूर्वा आपोआप उगवत आणि दसऱ्यापूर्वी रोजंदारीवरचा माणूस लावून ते सगळे दरवर्षी मुळासकट काढले जाई. मध्ये दोन वर्षे तणनाशकाची फवारणीही झाली होती.

अडचण

मे २०२१ मध्ये मुलाने परड्यात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे ठरवले आणि त्यासाठी ठेकेदाराला जागा दाखवली. त्यामागचे कारण साधे आणि रास्त होते. २०१९ च्या महापुरात सखल भागातील वस्त्यांमध्ये घराघरांत साप निघाल्याच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. त्याचे घर पुराच्या पाण्यापासून बरेच उंचावर असले तरी लहान मूल असलेल्या घरामागे गुडघाभर रान असू नये, असे त्याला मनापासून वाटत होते. सूनबाईंना तेथे पक्षी आणि फुलपाखरे यावीत अशी जागा हवी होती. आजींची मागणी या दोघांपेक्षा वेगळी होती. त्यांना पूजेची फुले, फोडणीचा कडीपत्ता आणि उन्हाळ्यात सांडगे-पापड वाळत घालायला ऊन येणारी मोकळी जागा हवी होती.

त्यामुळे कोणती झाडे लावावीत हा प्रश्न दुय्यम होता. एकाच ६०० चौरस फुटांत तीन माणसांच्या तीन गरजा बसवायच्या होत्या. शिवाय सामाईक कुंपणभिंतीपलीकडे राहणारे शेजारी, जे या कुटुंबासाठी वीस वर्षांपासून ‘काका’ आहेत, त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

विचारात घेतलेले पर्याय

पेव्हर ब्लॉक आणि त्यावर कुंड्या हा पहिला पर्याय स्वच्छ आणि कमी देखभालीचा होता. मात्र त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरणे बंद झाले असते आणि एप्रिलमध्ये तापलेल्या ब्लॉकची धग रात्री उशिरापर्यंत मागच्या खोल्यांत आली असती. आजींची खोली नेमकी त्याच बाजूला आहे, म्हणून मुलानेच हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय कार्पेट लॉनचा होता. मुरमाड जमिनीवर लॉन टिकवायचे तर उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागते. एवढे करून त्या आखूड कापलेल्या एकसुरी गवतात मुनियांना बी मिळत नाही आणि सुरवंटांना पान मिळत नाही. यावर फारशी चर्चा झाली नाही.

तिसरा पर्याय एका नातेवाइकाने सुचवला होता. मियावाकी पद्धतीने, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावून दाट वन उभे करावे, असे त्याचे म्हणणे होते. सूनबाईंना ही कल्पना फार आवडली होती आणि त्यांना नकार देताना मला वाईट वाटले. दाट वनाने संपूर्ण जागा सावलीत गेली असती आणि आजींचे वाळवण संपले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी-दाजीपूर आणि गगनबावड्याकडे जे घनदाट जंगल आहे, ते तेथील पावसावर उभे आहे. शहराच्या या बाजूचा मूळ निसर्ग मोकळ्या माळाचा, करवंदीच्या जाळ्यांचा आणि गवताचा आहे. उन्हात बसणारी फुलपाखरे, जमिनीत बीळ करणाऱ्या एकांड्या माश्या, गवतातील नाकतोडे या सगळ्यांना ऊन लागते. त्या जागेत जे मुळात होते, तेच नीट जपावे असे माझे मत होते आणि आजही आहे.

शेवटी चौथा पर्याय ठरला. परड्याचे तीन भाग करायचे : घरालगत वाळवणासाठी आणि वावरण्यासाठी मोकळी पट्टी, मधल्या भागात आजींची फुलझाडे व स्वयंपाकाची झाडे, आणि मागच्या भिंतीकडे सुमारे १५ फूट रुंद, २० फूट लांब असा रानकोपरा. मुलाने एकच अट घातली की, दोन पावसाळ्यांनंतर त्याला जागा असुरक्षित वाटली तर तो पेव्हर बसवेल. ही अट सर्वांनी मान्य केली. सगळ्यांच्या मनातील शंका या अटीमुळे उघडपणे बोलल्या जाऊ लागल्या, म्हणून मला ती आजही योग्य वाटते.

प्रत्यक्ष कृती

कामाची सुरुवातच चुकीने झाली. मुरमात रोपे धरणार नाहीत या धास्तीने मी एक ट्रॉली लाल माती मागवायला सांगितली. जूनच्या पहिल्या आठवड्यात माती पसरली, मृगाच्या पावसात रोपे लावली, आणि ऑगस्टमध्ये त्या मातीतून गाजर गवत उगवले. या परड्यात ते पूर्वी कधीच नव्हते. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या परागांमुळे अनेकांना त्वचेचा व श्वसनाचा त्रास होतो, म्हणून फुलोरा येण्यापूर्वी हातमोजे घालून ते उपटणे हा पुढील तीन पावसाळ्यांतील कायमचा उद्योग होऊन बसला. माळरानातील झाडे मुरमातच वाढलेली असतात. त्यांना आणलेल्या मातीची गरज नव्हती, थोडे शेणखत आणि वर आच्छादन पुरले असते. हे आच्छादन पुढे आम्ही उसाच्या पाचटाचे केले. कोल्हापुरात पाचट मिळवणे कठीण नाही. उसाच्या फडात जाळून टाकले जाणारे पाचट शेतकरी आनंदाने देतात. हातभर जाडीचे पाचट टाकल्यावर मे महिन्यातही खालची माती बोटाला गार लागत होती.

लागवडीत करवंद, धायटी, निर्गुडी, अडुळसा, रुई आणि पानफुटी ही मुख्य झाडे होती. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने ती नातीच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कोपऱ्यात लावली. तेरडा, आघाडा आणि दूर्वा जेथे आपोआप उगवत होते ती जागा खणलीच नाही. घाणेरीचे एक झुडूप शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून कुंपणाखालून आत आले होते. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात म्हणून सूनबाई ते ठेवायला तयार होत्या, पण घाणेरी बाहेरून आलेली आणि इतर झाडांना दाबून पसरणारी असल्यामुळे ती काढून टाकली. वठलेला शेवगा मात्र तोडू दिला नाही. त्याची एक वाळलेली फांदी घरापासून दूर झुकलेली होती आणि पडली तरी कोणाला इजा होणार नव्हती.

पाण्याबाबतचा पहिला निर्णयही बदलावा लागला. सुरुवातीला एक मोठा प्लास्टिकचा टब पुरून त्यात पाणवनस्पती सोडल्या होत्या. सप्टेंबरमध्ये डेंग्यूच्या सर्वेक्षणासाठी आलेल्या आरोग्यसेविकेने त्यात डासांच्या अळ्या दाखवल्या आणि टब रिकामा करायला सांगितले. तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. गप्पी मासे सोडण्याचा पर्याय समोर होता, पण हे मासे या देशातले नाहीत आणि ते बेडकांची लहान पिल्लेही खातात, म्हणून तो टाळला. त्याऐवजी आजींच्या माहेरून आलेली, गोठ्यात वापरली जाणारी जुनी दगडी डोणी परड्यात आणली. तिची खोली दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त नाही. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी डोणी घासून पाणी बदलले की प्रश्नच उरत नाही. मांजर दबा धरून बसू नये म्हणून ती झुडपांपासून चांगली सहा फूट लांब, उघड्यावर ठेवली. डोणी घासण्याचे काम नातीने स्वतःकडे घेतले आणि ते आजतागायत चालू आहे.

कडीपत्त्यावरून घरात खरा वाद झाला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके आजींना दिसले. ते कॉमन मॉरमॉन फुलपाखराचे लहान सुरवंट होते. मोठे झाल्यावर ते हिरवेगार होतात आणि डिवचले तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचे शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. आठ दिवसांत दोन फांद्या उघड्या पडल्या. “आमटीला पान उरलं नाही आणि तुम्ही किड्यांना जेवायला घालताय,” असे आजी सूनबाईंना म्हणाल्या. फवारणीचा विषय निघाला. मार्ग असा काढला की, जुने झाड स्वयंपाकाचे आणि त्याच्या मुळापासून फुटलेली तीन रोपे रानकोपऱ्यात हलवून ती सुरवंटांची. जुन्या झाडावर सुरवंट दिसला की तो पानासकट उचलून मागच्या रोपावर ठेवायचा.

आजींचे मत बदलले ते मात्र या समझोत्याने नव्हे, तर पानफुटीमुळे. पानफुटीची जाड पाने आतून पोखरल्यासारखी, पिवळट आणि पारदर्शक होऊ लागली तेव्हा रोप कुजले असे समजून त्या ते उपटायला निघाल्या होत्या. नातीने एक पान उन्हाकडे धरून दाखवले. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये एक अळी हळूहळू पुढे सरकत होती आणि तिच्या मागे विष्ठेची काळी रेघ उमटत होती. रेड पिएरो नावाच्या फुलपाखराची अळी अशी पानाच्या आतच राहते आणि आतच खाते. आजी त्या दिवशी बराच वेळ पान हातात धरून बसल्या होत्या. काही दिवसांनी कोषातून काळे-पांढरे आणि मागच्या पंखांवर भगवा पट्टा असलेले इवलेसे फुलपाखरू बाहेर आले, तेव्हा त्यांनीच सर्वांना हाक मारून बोलावले.

सर्वांत कठीण प्रसंग

जुलै २०२२ मध्ये, म्हणजे मुलाने घातलेल्या मुदतीतील दुसऱ्या पावसाळ्यात, एके दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास काकांनी भिंतीपलीकडून आवाज दिला. “अहो ताई, तुमच्या परड्यातनं जनावर आलंय आमच्याकडं!” भिंतीवर सुमारे सहा फूट लांबीचा साप होता. त्यांच्या घरी सून गरोदर होती आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. हे रान आजच्या आज साफ झाले पाहिजे, अन्यथा आपण कॉलनीच्या बैठकीत विषय काढू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

बोलावलेल्या सर्पमित्राने ती धामण असल्याचे सांगितले : मोठे डोळे, ओठांवरील उभ्या काळ्या रेघा आणि फणा नाही. धामण बिनविषारी असून उंदरांवर जगते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. आता तीन मार्ग होते. धामण पकडून दूर सोडायला सांगायचे, रानकोपरा काढून टाकायचा, किंवा ती येथे का आली याचा शोध घ्यायचा. मुलगा दुसऱ्या मार्गाच्या बाजूने होता आणि अटीप्रमाणे तो त्याचा हक्क होता. सर्पमित्राने विचारलेल्या एका प्रश्नाने चर्चेची दिशा बदलली. त्याने विचारले, “पाखरांना दाणे टाकता काय?”

सूनबाई गेले दहा महिने रोज सकाळी मूठ-दोन मुठी तांदूळ आणि बाजरी टाकत होत्या. त्या दाण्यांवर कबुतरे आणि होले येत, आणि उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येत. भिंतीला टेकवून रचलेल्या लाकडाच्या ढिगाखाली उंदरांची तीन बिळे सापडली. धामण त्या उंदरांमागे आली होती. तिला हलवले असते तर उंदीर राहिले असते आणि उद्या त्यांच्यामागे नागही आला असता. रानकोपऱ्यातील झुडपांपेक्षा प्रेमाने टाकलेले दाणे या प्रसंगाला अधिक कारणीभूत होते, हे उघड झाल्यावर कोणीही कोणाला दोष दिला नाही.

त्याच आठवड्यात दाणे टाकणे बंद केले आणि त्याऐवजी गवताला बी धरेपर्यंत ते न कापण्याचे ठरले. लाकडाचा ढीग भिंतीपासून काढून परड्याच्या मध्यावर आणला. सामाईक भिंतीच्या कडेने आणि घराच्या कडेने प्रत्येकी तीन फुटांची पट्टी पूर्ण मोकळी केली, तिच्यावर बारीक खडी पसरली आणि सांडपाण्याच्या तोंडांना जाळ्या बसवल्या. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय आणि चपलेशिवाय परड्यात कोणी जायचे नाही, हा नियम झाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची चित्रे, सर्पमित्राचा क्रमांक आणि सर्पदंश झाल्यास वेळ न घालवता शहरातील सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयात जायचे ही सूचना स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली. हेच सगळे घेऊन मुलगा स्वतः काकांकडे गेला आणि त्यांच्या बाजूच्या सांडपाण्याच्या तोंडालाही जाळी बसवून दिली. काका लगेच शांत झाले असे नाही, पण त्यांनी बैठकीत विषय काढला नाही.

परिणाम

पेव्हर ब्लॉक बसले नाहीत. धामण त्यानंतर दोनदा दिसली, पुढे दिसली नाही. उंदरांची बिळे दिवाळीपर्यंत ओस पडली.

२०२३ च्या वसंतात तांबट पक्ष्याने शेवग्याच्या वाळलेल्या फांदीत ढोली कोरली. लिंबाच्या झाडात शिंप्याने दोन पाने शिवून घरटे केले, आणि धायटीला तांबडी फुले आली तेव्हा सूर्यपक्ष्यांची जोडी सकाळभर तेथेच असे. भोवतालच्या फांद्यांवर सुरवंट होते म्हणूनच शिंप्याची पिल्ले वाढली. दाणे खाणारे पक्षीही पिल्लांना बहुधा किडेच भरवतात, ही गोष्ट कुटुंबाने पाहून समजून घेतली आणि फवारणीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. भाद्रपदात आजींनी गौरीसाठी तेरडा, गणपतीसाठी दूर्वा आणि पत्रीतला आघाडा परड्यातूनच घेतला. पूर्वी हेच तण म्हणून दसऱ्यापूर्वी काढून टाकले जात होते.

सगळेच जमले असे नाही. चिमण्यांसाठी बसवलेली लाकडी पेटी चार वर्षे रिकामी आहे, बहुधा ती दुपारच्या कडक उन्हात येते म्हणून. पाचटाच्या ओलाव्यात २०२२ च्या पावसाळ्यात गोगलगायी फार झाल्या आणि त्यांनी अडुळशाची कोवळी रोपे फस्त केली. विषारी गोळ्या टाकल्या असत्या तर त्या गोगलगायी खाणाऱ्या भारद्वाजालाही बाधल्या असत्या, म्हणून गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्या लागल्या. हे काम किळसवाणे आहे आणि ते सूनबाईंनी एकटीने केले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या पावसाळ्यात काहीच लावायला नको होते, असे मला आता ठामपणे वाटते. जून ते ऑक्टोबर फक्त पाहत राहिलो असतो, काय आपोआप उगवते, कोणत्या झाडावर कोण येते, सकाळचे ऊन कोठे पडते हे वहीत लिहिले असते, तर मातीची ट्रॉली आली नसती आणि निम्म्या रोपांचा खर्च वाचला असता. नंतर ज्या झाडांवर सर्वाधिक जीव दिसले, त्यांपैकी कडीपत्ता, लिंबू, शेवगा, तेरडा आणि आघाडा ही पाच आधीपासून तेथेच होती.

दुसरी गोष्ट काकांची. मोकळी पट्टी, जाळ्या आणि सर्पमित्राचा क्रमांक हे सारे २०२१ च्या मे महिन्यातच, काकांना परड्यात बोलावून, चहा पाजून, त्यांच्यासमोर ठरवायला हवे होते. फुलपाखरू भिंत ओलांडून जाते तेव्हा सर्वांना आनंद होतो, पण साप ओलांडतो तेव्हा ज्याला आधी विचारले नाही तो माणूस विरोधात उभा राहतो, आणि तसे उभे राहण्यात त्याची चूक नसते. काकांनी तक्रार केली नसती तर उंदरांची बिळेही आणखी वर्षभर कोणाच्या लक्षात आली नसती.

लहान मूल असलेल्या घरात साप येऊ शकणारी जागा मुद्दाम राखावी का, हा मुलाचा प्रश्न मला आजही हलका वाटत नाही. मोकळी पट्टी आणि सवयी यांनी धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. ज्या घरात संध्याकाळी परड्यातून अनवाणी ये-जा टाळता येत नाही, तेथे मी एवढा मोठा रानकोपरा सुचवणार नाही. तेथे कडीपत्ता, पानफुटी आणि उथळ पाणी एवढ्यावर थांबावे.

सध्या परड्यात एकच निर्णय बाकी आहे. सामाईक भिंतीच्या फटीत, पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेल्या बीमधून उंबराचे रोप उगवले आहे आणि त्याने वीतभर उंची गाठली आहे. ते वाढले तर भिंत फोडणार हे नक्की. आजी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात आणि औदुंबर कापायला त्यांची तयारी नाही. मागच्या आठवड्यात काका आणि मुलगा दोघांनी मिळून फटीतील चुना थोडा मोकळा केला आणि मुळे किती खोल गेली आहेत ते पाहिले. पहिला पाऊस चांगला झाला की रोप मुळांसकट सोडवायचे आणि काकांच्या गावाकडच्या शेताच्या बांधावर, विहिरीजवळ लावायचे, असे ठरले आहे. जागा काकांनीच सुचवली.